ओसरीवरची गाडी

उस्मानपुरा, औरंगाबाद
११ ऑगस्ट १९९७

सौ. साळूवहिनींस आवडाचा नमस्कार.

तुमचं कार्ड येऊन आठ दिवस झाले. उत्तर दुसऱ्याच दिवशी लिहायला हवं होतं, पण पेन हातात घेतलं की तालमीची वेळ व्हायची, किंवा मी ती करून घ्यायची. तात्यांचं विसरणं आता चष्मा आणि चपलांपुरतं राहिलं नाही, दादालाही, पोटच्या मुलाला, ते ‘तुम्ही कुठले?’ म्हणून विचारतात, हे वाचलं आणि कार्ड उशीखाली ठेवून दिलं.

इकडे नाट्यवर्गाच्या आठ मुलांना घेऊन मी एक नाटक बसवते आहे. त्यात एकही वाक्य नाही. जे काही आहे ते अंगानं करायचं, आणि त्या हालचाली मी बसवायच्या. लिहिलेली संहिता नाही, तालमीत जे सापडेल ते जोडत जायचं. विषय स्मरण जाण्याचा. तो मीच सुचवला, आणि का सुचवला ते तुमच्यापासून काय लपवायचं? पण दोन महिने झाले तरी गाडी रुतलेलीच आहे. मुलांना सांगितलं, विसरलेला माणूस करा, की आठही जण डोकं धरतात आणि आढ्याकडे बघतात. पुंजाराम म्हणून एक उंच मुलगा आहे, तो तर गुडघ्यावरच बसतो. मी ओरडते, आणि मग मलाही दुसरं काही सुचत नाही.

म्हणून एक काम आहे. मला एवढंच कळवा की तात्या चालतात कसे. उभे राहिले की भार कुठल्या पायावर असतो? हात काय करत असतात? बोलतात काय ते लिहू नका, मला बोलणं नको आहे.

खोलीवर मी बरी आहे. एकटीचा स्वयंपाक म्हणजे काय, एका भांड्यात आटोपतो. दादाला नमस्कार सांगा. त्याला रुचेल तसा सांगा.

आवडा

*

पाचोड
१९ ऑगस्ट १९९७

वन्संना साळूचा नमस्कार.

तात्या चालतात कसे ते विचारलंत, कसे आहेत ते विचारलं नाहीत. असू द्या. विचारलं तेवढ्याचंच उत्तर लिहावं असं आम्हाला सातवीत बाईंनी शिकवलं होतं.

तात्या चालत नाहीत, गाडीत फिरतात. आपली ओसरी आहे ना, ती त्यांची एसटीची गाडी. सकाळी चहा झाला की उभे राहतात ते पाय फाकवून, गुडघे जरा सैल सोडून. एक कुल्ला ओसरीच्या खांबाला टेकवतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे. जमीन जागची हलत नाही पण ते हलतात. मधूनच डावीकडे झुकतात, मग सावकाश सरळ होतात. मला आधी वाटलं चक्कर येते. तुमचे दादा म्हणाले, चक्कर नाही, बिडकीनचं वळण आलं.

मग जो भेटेल त्याला, ‘कुठं?’ एवढंच विचारतात. आपण गाव सांगायचं. ते रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं ना, त्याचं पान फाडून तिकीट देतात. मोठ्या माणसाला अख्खं पान, लेकराला दुमडून फाडलेलं अर्धं. कोपऱ्याला नखानं चिमटा काढतात. आमच्या घरी औंदा डिसेंबर ऑगस्टातच संपला. परवा गोठ्यात जाऊन गाईलाही विचारून आले. तिनं गाव सांगितलं नाही, म्हणून तिथंच खोळंबले होते.

मी एक युक्ती केली आहे. ओसरीच्या वाशांना सुतळी लावून टोकाला गाईच्या गळ्यातली घंटा बांधली. तुम्हाला ठाऊकच आहे, एक ठोका पडला की गाडी थांबते, दोन पडले की निघते. जेवायची वेळ झाली की एक ठोका देते आणि म्हणते, पाचोड आलं, गाडी धा मिनिटं थांबंल. मुकाट्यानं पाटावर येतात. जेवले की स्वतःच उठून दोन ठोके देतात. डॉक्टरच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते घंटेनं केलं.

स्वभाव मात्र तोच. कडूबा कंडक्टरच्या गाडीत फुकट बसलेला माणूस अजून जन्मायचाय, असं गावात म्हणतात ते उगीच नाही. माझ्या लग्नाचं वऱ्हाड त्यांच्याच गाडीनं आलं होतं, तर नवरीसकट सगळ्यांची तिकिटं फाडली. हळदीच्या हातात तिकीट धरून मी सासरी आले.

स्वतः येऊन बघा की. पत्रात मी किती हलवून दाखवणार? तुमच्या आईच्या, आत्याबाईंच्या तेराव्यानंतर तुम्ही उंबऱ्याला पाय लावला नाही, त्याला तीन वर्षं होतील. मोसंबीची फळं भरत आली आहेत, त्यामुळे तुमचे दादा दिवसभर बागेत असतात. त्यांना घाबरायचं कारण नाही.

साळू

*

औरंगाबाद
२ सप्टेंबर १९९७

वहिनी,

तुमचं पत्र मी तालमीत मोठ्यानं वाचलं. माफ करा, विचारायला हवं होतं. गाईच्या ठिकाणी मुलं हसली, मग पुंजारामनं पत्र मागून घेऊन पुन्हा वाचलं.

आम्ही सगळेच चुकीचं धरून चाललो होतो. विसरणं म्हणजे माणूस रिकामा होणं, असं. तुमच्या पत्रातले तात्या तर दिवसभर कामात आहेत. आता मी वर्गाच्या फरशीवर खडूनं गाडी आखली आहे. दोन्हीकडे बाकं, मधून वाट, मागं दार. पुंजाराम कंडक्टर झालाय आणि सात जण प्रवासी. पण डुलणं कुणाला जमेना. कंबर हलवायचे, लावणीसारखी. शेवटी आठही जणांना घेऊन बिडकीनच्या गाडीत चढले आणि सांगितलं, मध्ये उभे राहा, कशालाही धरायचं नाही. खऱ्या कंडक्टरनं मला विचारलं, मॅडम, यांचं कायतरी नवस-बिवस हाय का? परत येईपर्यंत तिघांचे गुडघे फुटले होते, पण त्यांना कळलं. गाडी आधी झुकते. माणूस मागून झुकतो. ते मधलं अंतर बसवता आलं पाहिजे.

प्रयोग चौदा डिसेंबरला ठरला आहे. माझं वय पंचेचाळीस. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या नाटकांत हालचाली बसवल्या. पहिल्यांदा सगळं नाटक माझं आहे. हे बिघडलं तर पुन्हा कुणी हातात देणार नाही, हेही मला माहीत आहे.

येत्या एकवीस तारखेला, रविवारी येते. बरोबर पुंजाराम आणि सगीरा असतील. सगीरा लहानखुरी आहे, पण अंग वाऱ्यासारखं चालतं. आम्हाला फक्त बघायचं आहे. स्वयंपाकाचा घाट घालू नका.

कॅलेंडरचे जुने गठ्ठे शहागंजातल्या एका दुकानातून मिळवलेत, ते घेऊन येते. तिकिटांची चिंता आता नको.

आवडा

*

पाचोड
२५ सप्टेंबर १९९७

वन्सं,

आलात काय, गेलात काय. मी पुरण शिजायला टाकलं होतं. पिशवीभर मोसंबी दाराशी तशीच राहिली. मी आतून बाहेर येते तर तुमची पोरं चपला शोधत होती आणि तुम्ही रस्त्याला लागला होता.

तुमचे दादा काही बोलले का? ते ‘तात्याचं पण नाटक केलं का शेवटी’ असं पुटपुटले, ते मी ऐकलं. त्यांच्या बोलण्याला धरू नका. रोज रात्री बापाला ‘मी रामकिसन’ म्हणून सांगायचं आणि सकाळी पुन्हा अनोळखी व्हायचं, यानं माणूस कडवट होतो. ते माझ्यावरही असेच खेकसतात. तुम्ही गेल्यावर पिशवी उचलून घेऊन फाट्यापर्यंत पळत आले होते. गाडी सुटलेली होती.

की माझंच काही चुकलं? तुम्ही दाराजवळच्या स्टुलावर बसलात तेव्हा मी ‘तिथं पाण्याचा हंडा असतो, ओलं असेल’ म्हणाले. दुसरं मला काही आठवत नाही. तात्या तर त्या दिवशी इतके खुशीत होते की तुमच्या सगीराला तिकीट देऊन ‘आगे बढो, आगे’ म्हणत होते. तिनं खरंच पाऊल पुढं टाकलं. मला हसू आवरेना.

कळवा. मनात ठेवू नका.

साळू

*

औरंगाबाद
१० ऑक्टोबर १९९७

वहिनी,

तुमचं काही चुकलं नाही आणि दादाचंही नाही. लिहायला लाज वाटते. पंचेचाळीस वर्षांची बाई अशा गोष्टीवरून रुसते, हे कुणाला सांगणार?

त्या दिवशी तात्यांनी सगळ्यांना तिकीट दिलं. पुंजारामला, सगीराला, तुम्हाला, दादाला, शेजारच्या आशाबाईंना अख्खं आणि त्यांच्या नातीला अर्धं. मी दाराजवळच्या स्टुलावर होते. ते माझ्यापाशी आले, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला, आणि पुढं गेले. मला वाटलं, राहिलं असेल. दुसऱ्या फेरीला मी हात पुढं केला. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर पंजा टेकवला, गाडीत बाकाच्या दांड्याला टेकवतात तसा, वळण झालं, पंजा काढला आणि गेले. तिसऱ्या फेरीलाही तेच. ‘कुठं?’ हे त्यांनी गाईला विचारलं, वहिनी. मला नाही.

मी येत नव्हते ते याच भीतीनं. आईच्या तेराव्याला ते माझ्याकडे बघत नव्हते, तेव्हापासूनची भीती आहे. मला वाटायचं, ते ‘तुम्ही कोण?’ विचारतील आणि मला सहन होणार नाही. आता वाटतं, तेवढं तरी विचारायचं. परक्या माणसालाही गाडीत जागा असते. मी बाकाचा दांडा झाले.

तात्यांची मला असलेली सगळ्यात जुनी आठवण सांगू? माझं नाव शाळेत घातलं आणि पाच वर्षांची म्हणून तिथं नोंद झाली. त्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या गाडीनं आम्ही आजोळी निघालो. आई, दादा, मी. त्यांनी माझ्यासाठी अर्धं तिकीट फाडलं आणि अगदी गंभीरपणे माझ्या हातात दिलं. मी आजोळ येईस्तोवर रडले. सगळे म्हणाले, पोरगी तिकिटाला भ्याली. मी कशाला रडले ते मलाही सांगता येत नव्हतं, पण आपला बाप आपल्याला इतरांसारखंच धरतो, एवढं तेव्हा डोक्यात बसलं ते बसलं. बाकी त्याआधीचं काही आठवत नाही.

जे झालं ते मी नाटकात घातलं आहे. शेवट तोच केला. कंडक्टर सहा जणांना तिकीट देतो, सातवी सगीरा. ती हात पुढं करते. गाडीला धक्का बसतो, तो तोल सावरायला तिच्या डोक्याला धरतो आणि पुढं जातो. ती एकटी उतरते. परवा तालीम बघायला आलेल्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चांगला शेवट आहे. मी खोलीवर येऊन दिवा न लावता बसून राहिले.

दिवाळीला माझी वाट बघू नका.

आवडा

*

पाचोड
३ नोव्हेंबर १९९७

वन्सं,

तुम्ही नका म्हणालात तरी वाट बघितली. भाऊबीजेला तुमचे दादा आंघोळ करून दुपारपर्यंत पाटाजवळ घुटमळत होते. शेवटी मीच म्हटलं, जेवून घ्या.

आता जे लिहिते ते नीट वाचा. मुलांना ऐकवायच्या आधी एकटीनं वाचा.

पाडव्याला बिडकीनहून मोहियोद्दीनचाचा आले होते. तात्यांच्या गाडीवर वीस वर्षं ड्रायव्हर होते ते. दर दिवाळीला फराळाला येतात, यंदा काठी टेकत आले. तात्यांनी त्यांना बघून लगेच दोन ठोके दिले आणि ‘चलो मियां, टैम हुआ’ म्हणाले. चाचा तिथंच पायरीवर बसून रडले. मग चहा घेताना मी त्यांना तुमचं सगळं सांगितलं. रागावू नका. माझ्या पोटात ते राहत नव्हतं.

चाचा म्हणाले, ‘उसकू टिकट कायकू देंगे? पाँच की बी नै हुई वो.’

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. तुम्ही चार वर्षांच्या असाल. आत्याबाईंना एक लेकरू झालं ते राहिलं नाही, आणि त्या स्वतः चार महिने खाटेवर होत्या. तुमच्या दादांना मामाकडे पाठवलं. तुम्ही कुणापाशी राहीनात, रडून रडून निळ्या व्हायच्या. तेव्हा तात्या तुम्हाला ड्यूटीवर घेऊन जायचे. चार महिने, रोज. दाराजवळ कंडक्टरची एकटी जागा असायची ना, तिथं तुम्हाला बसवायचे आणि स्वतः दिवसभर उभे राहायचे. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नसतं, म्हणून कायद्यानंही कुणाला बोलता येत नव्हतं. वळण आलं की तुम्ही दाराकडे घरंगळाल या भीतीनं तात्या कुठंही असले तरी येऊन तुमच्या डोक्यावर हात ठेवायचे. चाचा म्हणाले, मी आरशात बघायचो, त्याचा हात पोरीच्या डोक्यावर गेला की मगच स्टिअरिंग फिरवायचो. त्यांनी हात करून दाखवला. पाची बोटं पसरून, वरून अलगद दाबल्यासारखा.

तरी मला पुरतं पटेना. म्हणून काल हंडा हलवून मी स्वतः त्या स्टुलावर बसले. बारा महिने तिथं हंडाच असतो, म्हणून आजवर आम्हाला कळलं नव्हतं. तात्या आले आणि मला म्हणाले, ‘बाई, ती जागा सोडा. लेकराची हाय. पाणी प्यायला गेलंय, येईल आता.’

वन्सं, तुम्ही बसलात तेव्हा त्यांनी उठवलं नाही. तिकीटही मागितलं नाही. ज्याच्या गाडीत नवरीसुद्धा फुकट बसली नाही त्याच्या गाडीत एकच माणूस बिनतिकिटाचं आहे, आणि ते तुम्ही. तुम्ही विसरलात ते त्यांच्याजवळ राहिलंय.

लगेच या. प्रयोगाची तारीख बघू नका. तात्यांचं हल्ली एकेक गाव गळत चाललंय. मागच्या आठवड्यापासून पैठण म्हटलं तर त्यांना कळत नाही. हंडा मी चुलीकडे नेलाय, स्टूल मोकळं ठेवलंय.

साळू

*

औरंगाबाद
१२ नोव्हेंबर १९९७

वहिनी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मला त्यातलं काहीही आठवत नाही. ना ती जागा, ना चाचा, ना आईचं आजारपण. मी खाटेवर डोकं धरून आढ्याकडे बघत बसले. ज्या अभिनयाबद्दल मुलांना रागावले तोच.

मग एक गोष्ट आठवली, चार वर्षांच्या वयाची नाही, एकवीस सप्टेंबरची. तोल गेलेला माणूस आधार धरतो तेव्हा धक्का आधी बसतो आणि हात नंतर जातो. मी मुलांना महिनाभर हेच शिकवते आहे. तात्यांचा हात माझ्या डोक्यावर आधी आला होता, आणि ते झुकले त्यानंतर. दोन्ही वेळा. डोळ्यांदेखत झालं, हाच माझा धंदा, आणि मी उलटं वाचलं. स्वतःच्या दुखण्यात एवढी होते की हालचालच दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत शेवट मोडला. आता कंडक्टर पुढं असतो, पाठमोरा. गाडी अजून सरळ चालली आहे, कुणालाच काही कळलेलं नाही. तो वाट सोडून मागं येतो, सगीराच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि मग सगळी गाडी झुकते. बाकीचे सहा पडतात, ती पडत नाही. एवढंच. पण पुंजारामचा हात अजून आशीर्वाद दिल्यासारखा पडतो. वजन किती हे त्याला समजत नाही. मी त्याला माझ्या डोक्यावर ठेवून दाखवायला सांगते. हलका, आणखी जड, नाही, इतका नाही. सगीरा म्हणाली, मॅडम, तुम्हारे अब्बा का हाथ आपकोच मालूम. आणि मला खात्रीनं सांगता येत नाही.

मला आत्ता निघायला हवं. पण शेवट बदलल्यामुळे मागचं सगळं पुन्हा बसवावं लागतंय आणि महिनासुद्धा हातात नाही. एक दिवस मी नसले की मुलं जुन्या हातावर जातात. चौदाला प्रयोग, त्यानंतरच्या रविवारी मी तुमच्याकडे. एवढे दिवस स्टूल माझ्यासाठी धरून ठेवा. तात्यांना म्हणावं, लेकरू पाणी पिऊन येतंच आहे.

आवडा

*

पाचोड
२८ नोव्हेंबर १९९७

वन्सं,

तात्या बरे आहेत. जेवतात, झोपतात. थंडी पडली म्हणून त्यांना माझी शाल गुंडाळून देते, ती ते बॅगेसारखी खांद्याला लावतात. गाडी चालू आहे.

स्टुलाचं म्हणाल तर ते जागेवर आहे.

मोसंबी उतरायला आलीत. तुमच्या दादांनी एक करंडी बाजूला काढली आहे, कुणासाठी ते बोलले नाहीत. आम्हाला प्रयोगाला येता येणार नाही, तात्यांना कुणाजवळ सोडणार? तुम्ही तुमचं मन लावून करा. मागचं-पुढचं काही डोक्यात आणू नका.

साळू

*

औरंगाबाद
२२ डिसेंबर १९९७

वहिनी,

काल रविवारी मी येऊन गेले. तुम्ही बाजारात होतात, दादा बागेत. आशाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या, तात्यांवर लक्ष ठेवून. त्यांनी सांगितलंच असेल. पण त्यांनी बाहेरून जेवढं बघितलं तेवढंच सांगितलं असेल, म्हणून लिहिते.

आधी प्रयोगाचं. चांगला झाला. शेवटी सगळी गाडी झुकली आणि सगीरा तेवढी सरळ राहिली. नंतर लोक मला भेटायला आले, पुण्याच्या एका संस्थेनं बोलावलं आहे. ज्याच्यासाठी मी महिनाभर थांबले ते सगळं मिळालं.

काल अकराच्या गाडीनं उतरले. ओसरीवर आले आणि काही न बोलता स्टुलावर बसले. चार वर्षांची असताना कशी बसत असेन याचा विचार करून, गुडघे जवळ घेऊन बसले. हसू नका. तात्या खांबाला टेकून उभे होते, तुमची शाल खांद्याला. खूप बारीक झालेत. पाय आता नीट फाकवता येत नाहीत, पण डुलतात अजून.

ते एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आले. मी मान जरा खाली केली, हाताला सोपं जावं म्हणून.

ते म्हणाले, ‘कुठं?’

मी वर बघितलं. चेहऱ्यावर काही राग नव्हता, ओळखही नव्हती. गर्दीच्या गाडीतला सज्जन कंडक्टर, उतारू गाव विसरला तर थांबणारा. ते तसेच थांबले. शेवटी मी म्हटलं, औरंगाबाद. त्यांनी गठ्ठ्यातलं पान फाडलं, कोपऱ्याला नखानं चिमटा काढला आणि माझ्या हातात दिलं. अख्खं पान.

ऑक्टोबरात हेच तिकीट मिळालं नाही म्हणून मी तुमच्याकडे रडले होते.

आशाबाईंनी सांगितलं की दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांतच त्यांनी त्या स्टुलावर सगळ्यांना बसू द्यायला सुरुवात केली. म्हणजे मी बारा नोव्हेंबरला पत्र लिहायला बसले त्याऐवजी गाडीत बसले असते तर वेळेत पोचले असते. तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही लिहिलं नाहीत. ‘ते जागेवर आहे’ एवढंच लिहिलंत. मी रागावलेली नाही. माझा प्रयोग बिघडू नये म्हणून तुम्ही ते एकटीनं गिळलंत, आणि तुम्ही सांगावं असं मी विचारलंही नव्हतं. पहिल्या पत्रापासून मी कधी ‘कसे आहेत’ विचारलंच नाही. तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं.

मला तिथं बसवेना. तोंड धुवायला म्हणून उठले आणि ओसरीची पायरी उतरले. मागं घंटेचे दोन ठोके पडले. उतारू उतरला, गाडी निघाली. आशाबाई सूप हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. मी हौदाशी उभी राहिले, आणि इतकं एकटं मला आजवर कुठंच वाटलं नव्हतं, त्या खोलीतही नाही.

मग मी तोंड पुसून परत चढले. त्यांनी पुन्हा विचारलं, कुठं? मी म्हटलं, बिडकीन. मला वाटलं, त्या वळणाचं नाव ऐकून हात तरी येईल. नाही आला. वळणावर झुकले मात्र, आणि मी त्यांच्याबरोबर झुकले.

पुण्याला कळवून टाकते की एवढ्यात जमणार नाही. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळच्या गाडीनं येईन. तुम्ही बाजार निवांत करा, दादाला बागेत जाऊ द्या, तात्यांचं जेवण मी बघेन. घंटेचा एक ठोका द्यायचा आणि पाचोड आलं म्हणायचं, एवढं मला जमेल. करंडी या वेळी घेऊन आले, दादाला सांगा. मोसंबी गोड आहेत.

काल दुपारपर्यंत मी चार वेळा त्यांच्या गाडीत चढले. चारही वेळा उतरताना ठोके ऐकले आणि पुन्हा चढून तिथंच बसले. तिकिटं आत्ता समोर ठेवली आहेत. मार्चचं एक, जूनची दोन, नोव्हेंबरचं एक. चारही अख्खी आहेत.

आवडा